दिवाणी दाव्यात स्वतःविरुद्ध बोलायची वेळ आली तर

प्रश्न अंगलट येणारा आहे म्हणून दिवाणी कोर्टात उत्तर नाकारायची सोय आपल्या कायद्यात नाही. प्रश्न दाव्याशी संबंधित असेल तर उत्तर द्यावंच लागतं. सोय आहे ती वेगळी: कोर्टानं भाग पाडल्यामुळे दिलेलं उत्तर पुढे फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण हे संरक्षण आपोआप अंगावर येईल असं समजून बसू नये. ते मागायचं, वेळेवर मागायचं आणि कागदावर उमटवून घ्यायचं. ते कसं, तेवढंच इथं सांगते.

मी डिचोली आणि म्हापशाच्या कोर्टांत दिवाणी दावे चालवते. जमिनीचेच जास्त. गोव्यात जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी २०२२ साली पोलिसांचं विशेष तपास पथक नेमलं गेलं, निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही बसला. तेव्हापासून एकाच सेल डीडवरून, म्हणजे विक्रीखतावरून, इकडे दिवाणी दावा आणि तिकडे एफआयआर, अशी जोडी माझ्या टेबलावर वारंवार येते. समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा वयस्क असतो, घाबरलेला असतो, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाय, हांव ओगी रावल्यार जायना?" गप्प राहिलो तर नाही का चालणार?

चालत नाही, काका. का चालत नाही ते एका उदाहरणावरून बघू. यातली माणसं आणि जागा मी बदलल्या आहेत.

थोरला भाऊ पोर्तुगालला. धाकटा पेडण्यात, त्याच्याकडे थोरल्यानं दिलेलं मुखत्यारपत्र. जवळच मोपाच्या विमानतळावर विमानं उतरायला लागली आणि पडीक डोंगराळ जागेला गिऱ्हाईक आलं. धाकट्यानं मुखत्यार म्हणून सेल डीडवर सही केली. थोरला मात्र सहीच्या आधीच वारला होता. आता पुतण्या म्हणतो, सेल डीड रद्द करा. शिवाय काकांविरुद्ध फसवणुकीची तक्रार, तीही नोंदवलेली. दिवाणी दाव्यात काकांना एक प्रश्न येणार हे पहिल्या दिवसापासून दिसत असतं: "सही केली त्या दिवशी भाऊ वारल्याचं तुम्हाला माहीत होतं का?"

हा प्रश्न टाळता येत नाही, कारण करार कायद्याप्रमाणे मालक मेला की मुखत्याराचा अधिकार संपतो, पण मुखत्याराला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपत नाही. म्हणजे काकांना केव्हा कळलं यावर दाव्याचा निकाल फिरू शकतो. आणि "होय" म्हटलं की तेच फसवणुकीच्या खटल्यातलं सगळ्यात मोठं वाक्य ठरतं.

संरक्षण दोन, आणि ती वेगवेगळी

पहिलं राज्यघटनेचं. अनुच्छेद २०(३): गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणाही व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला आहे. आरोप असायला हवा. एफआयआरमध्ये नाव असेल किंवा मॅजिस्ट्रेटसमोर फौजदारी तक्रार दाखल असेल तर तुम्ही आरोपी. पुतण्यानं दाव्यात "काकांनी लबाडी केली" असं लिहिलं एवढ्यानं तुम्ही आरोपी होत नाही. वकिलाची नोटीस आली म्हणूनही नाही. पोलिस स्टेशनात कोणी अर्ज देऊन आलाय आणि गुन्हा अजून नोंद झालेला नाही, तरीही नाही. अनुच्छेदात "नागरिक" नव्हे तर "व्यक्ती" म्हटलंय, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे घरटी एकाचा पासपोर्ट पोर्तुगालचा असतो. पासपोर्ट बदलला म्हणून हे संरक्षण जात नाही.

दुसरं साक्षीपुराव्याच्या कायद्याचं. जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम १३२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३७. साक्षीदार मग तो आरोपी असो वा नसो, उत्तरामुळे आपण गुन्ह्यात अडकू या कारणावरून त्याला उत्तरातून सूट नाही, असं हे कलम आधी सांगतं. मग परंतुकात, म्हणजे 'परंतु' म्हणून पुढे जोडलेल्या भागात, भरपाई करतं: असं भाग पाडून घेतलेल्या उत्तरावरून त्याला अटक होणार नाही, खटला होणार नाही, आणि कुठल्याही फौजदारी कामात ते उत्तर त्याच्याविरुद्ध शाबीत करता येणार नाही. अपवाद एकच, त्या उत्तरात तो खोटं बोलला तर.

नवा कायदा १ जुलै २०२४ पासून आहे. त्याआधीपासून चालू असलेल्या दाव्यांना जुनाच कायदा लागू राहतो, म्हणून जुन्या दाव्यात १३२ लिहायचं. शंका असेल तर अर्जात दोन्ही आकडे घाला, त्यात कमीपणा नाही.

मग २०(३) खाली आरोपीला दिवाणी कोर्टात तोंड बंद ठेवता येईल का? मुद्दा जरूर मांडावा, अर्जात पहिला तोच घालावा. पण न्यायाधीश बहुधा १३७ कडे बोट दाखवतात: तुमचं उत्तर तिकडे वापरताच येणार नाही, मग भीती कसली? या युक्तिवादाला तोंड देणं सोपं नाही. म्हणून मी २०(३) वर विसंबून अख्खी बाजू उभी करत नाही. भरवसा १३७ वर.

अमेरिकेत दिवाणी दाव्यातही साक्षीदाराला सरळ उत्तर नाकारता येतं, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ च्या बॅक्स्टर निकालात असंही मान्य केलंय की दिवाणी कामात त्या गप्प बसण्यावरून विरुद्ध अनुमान काढायला हरकत नाही. सिनेमा-मालिकांतून आपल्याकडे त्यातला पहिला अर्धा भाग तेवढा पोचलाय.

जे आपणहून दिलं ते उघड्यावर

परंतुक फक्त भाग पाडून घेतलेल्या उत्तराला आहे. आपण होऊन जे लिहितो-बोलतो त्याला नाही. लोकांचं नुकसान कुठं होत असेल तर बहुतेक इथं, साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत पोचायच्या किती तरी आधी.

नोटीस आली की रागाच्या भरात पुतण्याला व्हॉट्सॲपवर दीड पानी मजकूर जातो. "तुझा बाप गेला तेव्हा औषधाचे पैसे कोणी दिले? म्हणूनच मी जागा विकली." झालं. या एका वाक्यात भाऊ गेल्याचं माहीत असल्याची कबुली आहे, आणि कोणी सक्ती केलेली नाही. नोटिशीला उत्तर द्यायचं तर वकिलाकडून, तेही मोजकं.

लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीनं दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, हा त्याहून नाजूक कागद. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्टानं वाढवली तर ९० पर्यंत मुदत. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ८ म्हणते, वादीचं प्रत्येक म्हणणं नेमकेपणानं नाकारा. मोघम नाकारलं किंवा सोडून दिलं तर कबूल धरलं जाईल. म्हणजे गप्प बसलं तर दिवाणीत कबुली, बोललं तर फौजदारीत कागद. यातून मी काढते ती वाट अशी: जे खरोखर खोटं आहे ते ठामपणे नाकारायचं. कायद्याचे मुद्दे, मुदतीचे, कोर्ट फीचे, दाव्यातल्या पक्षकारांचे, सगळे भरभरून घ्यायचे. आणि ज्या दोन-तीन गोष्टी एफआयआरच्या गाभ्याशी आहेत त्यांच्यापुरता वेगळा परिच्छेद: "प्रतिवादीविरुद्ध अमुक पोलिस स्टेशनात अमुक क्रमांकाचा गुन्हा याच वस्तुस्थितीवरून नोंद आहे. अनुच्छेद २०(३) आणि कलम १३७ खालील हक्कांना बाधा न येता प्रतिवादी या परिच्छेदातील मजकुरावर या टप्प्यावर निवेदन करत नाही. वादीनं तो मजकूर पुराव्यानं शाबीत करावा." इथं तो इंग्रजीतच दाखल होतो, पण अर्थ हाच.

हा परिच्छेद घातला म्हणजे काम झालं असं नाही. न्यायाधीश म्हणू शकतात, हे मोघम नाकारणं आहे. पण मोघम राहिलेली गोष्टसुद्धा वादीला पुराव्यानं शाबीत करायला लावण्याचा अधिकार ऑर्डर ८ रूल ५ कोर्टाला देतो, आणि कारण कागदावर दिलेलं असलं की तो अधिकार वापरा म्हणून मागता येतं. कारण न देता सोडून दिलेल्या परिच्छेदासाठी काहीच मागता येत नाही.

आणि खोटं लिहायचं नाही. "भाऊ वारल्याचं मला सहीनंतर कळलं" असं कैफियतीत लिहून खाली सत्यापन करून दिलं, आणि मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी पेपरात दिलेली श्रद्धांजलीची जाहिरात पुतण्यानं काढली, तर फसवणुकीच्या जोडीला खोट्या पुराव्याचं प्रकरण. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटा पुरावा दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. गोव्यात कुठलीही गोष्ट लपत नाही, पेपरातली जाहिरात तर नाहीच नाही.

लेखी प्रश्न आले तर

समोरच्याला कोर्टाच्या परवानगीनं लेखी प्रश्न पाठवता येतात. ऑर्डर ११, वकील त्यांना इंटरॉगेटरीज म्हणतात. उत्तर ॲफिडेव्हिटवर, साधारण दहा दिवसांत. हरकत घ्यायची ती त्याच ॲफिडेव्हिटमध्ये, रूल ६ खाली. सगळ्या प्रश्नांना मिळून एकच हरकत घेऊ नका. चौदा प्रश्न असतील तर चौदांना वेगवेगळं उत्तर. "सब-रजिस्ट्रारकडे तुम्ही हजर होता का?" याला हरकत घेण्यात अर्थ नाही, तिथं तुमचा फोटो आणि अंगठा आहे. हरकत तिसऱ्याला असेल तर तिसऱ्याखालीच लिहा, आणि का ते एका वाक्यात. हरकत नामंजूर होऊन कोर्टानं उत्तर द्या म्हटलं तर तो हुकूम हातात घेऊन मग उत्तर द्या. आता ते उत्तर भाग पाडून घेतलेलं आहे. हुकूम मोडून बसलात तर रूल २१ खाली प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो, वादी असाल तर दावाच फेटाळला जातो.

कागदपत्रांचं थोडक्यात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, नोंदणी झालेली डीड, म्युटेशनची म्हणजे फेरफाराची फाइल, पुराभिलेखातली जुनी पोर्तुगीज पानं: हे सगळं सरकारी दप्तरात आहे, समोरचा नक्कल काढतोच, तिथं हक्काची भाषा करू नये. तुमच्याच हातच्या नोंदी, डायरी, हिशेबाची वही मागितली आणि तुम्ही आरोपी असाल, तर २०(३) चा मुद्दा खराखुरा उभा राहतो. तो लेखी घ्या. सहीचा नमुना मागितला तर द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ साली काठी कालू ओघड खटल्यात ठरवून टाकलंय की हस्ताक्षराचा किंवा बोटांच्या ठशांचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्षीदार होणं नव्हे. आणि कोर्टाला समोरासमोर लिहून दाखवायला सांगता येतं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७२ प्रमाणे.

पिंजऱ्यात

उभंच राहू नये का, हा प्रश्न येतोच. पक्षकार स्वतः पिंजऱ्यात गेला नाही तर त्याची बाजू खरी नसावी असं अनुमान काढता येतं. १९९९ च्या विद्याधर विरुद्ध माणिकराव या निकालाचा दाखला समोरचा वकील पाठ करून आलेला असतो. शिवाय तुम्ही गेला नाहीत तरी पुतण्याचा वकील तुम्हाला समन्स काढू शकतो. कोर्टात हजर असून, कोर्टानं सांगूनही पक्षकारानं कायदेशीर कारणाशिवाय साक्ष नाकारली, तर ऑर्डर १६ रूल २० खाली त्याच्याविरुद्ध निकालच देता येतो. कधीकधी न जाणंच परवडतं: फौजदारीत जन्मठेपेपर्यंतचं कलम लागलंय आणि दिवाणीत जाणार ती दोनशे चौरस मीटरची जागा, तर जागा जाऊ द्यावी असं मी स्वतः सांगते. पण हा हिशेब फौजदारी वकिलाला शेजारी बसवून करायचा. दोन कोर्टांत दोन वकील आणि दोघांची एकमेकांशी गाठ नाही, हा प्रकार मी फार बघते.

जायचं ठरलं तर आधी ॲफिडेव्हिट. सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूनं द्यायची मूळ साक्ष, आता लेखीच असते, आणि हे ॲफिडेव्हिट तुम्ही आपणहून देता. त्यात जे लिहाल त्याला परंतुकाचं संरक्षण मिळेल यावर अजिबात भिस्त ठेवू नका. भावाच्या मृत्यूबद्दल त्यात चकार शब्द नको. मुखत्यारपत्र, जागेचं वर्णन, मिळालेले पैसे कुठं जमा झाले, बस.

मग उलटतपासणी. म्हापशाचं कोर्ट, सकाळचं बोर्ड संपून साडेबाराच्या सुमारास आपलं मॅटर पुकारलं गेलंय. पंखा फिरतोय, न्यायाधीश साक्ष इंग्रजीत सांगतायत, स्टेनो टाइप करतोय. काका कोकणीत बोलतायत. वकिलानं तीन-चार साधे प्रश्न घेतले आणि मग तो आला. अशा वेळी कागदावर काय उमटायला हवं, ते जसंच्या तसं:

प्रश्न: सदर सेल डीडवर सही करतेवेळी आपले बंधू मयत असल्याचे आपणांस माहीत होते काय?

साक्षीदार: या उत्तरामुळे मी फौजदारी गुन्ह्यात अडकू शकतो. म्हणून माझी हरकत आहे. कोर्टानं हुकूम दिला तर मी उत्तर देईन.

न्यायालय: प्रश्न वादविषयाशी संबंधित आहे. हरकत नामंजूर. साक्षीदाराने उत्तर द्यावे. कलम १३७ च्या परंतुकाचे संरक्षण राहील.

उत्तर: होय.

या चार ओळींत सगळं आहे. प्रश्न शब्दशः, कारण एरवी साक्ष गोष्टीसारखी सलग टाइप होते आणि कुठल्या वाक्याला सक्ती होती ते नंतर कळत नाही. म्हणून वकिलानं उठून "प्रश्न आणि उत्तर वेगळं नोंदवावं" अशी विनंती करायची. हरकत उत्तराच्या आधी. ती साक्षीदाराच्या तोंडून आली तर उत्तम, वकिलानं घेतली तरी चालेल. मद्रास हायकोर्टात १८८१ सालीच या मुद्द्यावर न्यायमूर्तींचे दोन तट पडले होते: हरकत न घेता दिलेलं उत्तर सक्तीचं म्हणायचं की नाही? बहुमत म्हणालं, नाही. पुढे अनेक न्यायमूर्तींनी उदार भूमिकाही घेतली. पण उदार न्यायमूर्ती आपल्याच वाट्याला येईल या आशेवर मी अशील उभा करत नाही. हरकत घ्यायला दहा सेकंद लागतात.

मग हुकूम. न्यायाधीश नुसते मान हलवून "सांगा सांगा" म्हणाले तर ते कागदावर येत नाही. वकिलानं नम्रपणे उभं राहायचं: "मॅडम, हरकतीवरचा निर्णय नोंदवावा." थोडी नाराजी झाली तर होऊ द्या.

आणि उत्तर तेवढंच. "होय. आदल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता, मग मीच दलालाला म्हटलं लवकर उरकू" असं काका बोलून गेले, तर "होय" भाग पाडून घेतलेलं, पण फोन आणि दलाल कोणी विचारले होते? पुढे सरकारी वकील नेमकं तिथंच बोट ठेवणार. प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला हरकत नव्यानं घ्यायची. एकदा घेतली म्हणजे दिवसभर पुरते असं नाही. निदान "या विषयावरच्या पुढील सर्व प्रश्नांना हीच हरकत" असं तरी नोंदवून घ्या.

"आठवत नाही" ही पळवाट सगळ्यांना सुचते. खरंच आठवत नसेल तर जरूर म्हणा. सख्खा भाऊ कधी गेला ते आठवत नाही, असं म्हटलं तर ती खोटी साक्ष, आणि खोट्या उत्तराला परंतुक वाचवत नाही, उलट तोच त्यातला अपवाद. संबंधित प्रश्नाला साफ नकार देणं हाही गुन्हाच आहे, न्याय संहितेचं कलम २१४, सहा महिन्यांपर्यंत.

प्रश्न दाव्याशी संबंधित नसून नुसता अब्रू काढायला विचारला असेल तर गोष्ट वेगळी. "तुमच्यावर आधी जुगाराची केस होती ना?" अशा वेळी उत्तर द्यायला लावायचं की नाही हे साक्ष्य अधिनियमाच्या कलम १५१ प्रमाणे न्यायाधीश ठरवतात. तिथं हरकत संबंधाची घ्या, गुन्ह्यात अडकण्याची नको.

आता एक खाच, जी अनुभवी वकिलांच्याही नजरेतून सुटते. हल्ली उलटतपासणी बऱ्याचदा कोर्टासमोर न होता कोर्टानं नेमलेल्या कमिशनरसमोर होते, एखाद्या वकिलाच्या ऑफिसात. कमिशनर हरकत नोंदवतो, पण तिच्यावर निर्णय देऊ शकत नाही; तो कोर्ट युक्तिवादाच्या वेळी देतं. म्हणजे हरकत नोंदवली आणि उत्तरही देऊन टाकलं, तर भाग कोणी पाडलं? अशा प्रश्नावर साक्ष थांबवून मुद्दा कोर्टापुढे न्यायला सांगा, कोर्टाचा निर्णय येईपर्यंत उत्तर देऊ नका. त्याहून बरं म्हणजे एफआयआर चालू असेल तर सुरुवातीलाच अर्ज द्या की या साक्षीदाराची उलटतपासणी कोर्टातच व्हावी. पुतण्याची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सवर इंग्लंडातल्या स्विंडनहून झाली तर होऊ द्या, आपला माणूस न्यायाधीशांसमोर हवा.

सही करण्याआधी टाइप झालेलं पान वाचा. वाचता येत नसेल तर वकिलाकडून कोकणीत किंवा मराठीत वाचून घ्या. हरकत आणि हुकूम दोन्ही पानावर आहेत ना, एवढं बघितल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

दावाच थांबवून घेता येतो का

अर्ज करता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ खाली. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ च्या एम. एस. शेरीफ खटल्यात म्हटलंय की दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतील तर फौजदारीला प्राधान्य द्यावं, पण ठोकळ नियम नाही. दोन कोर्टांचे निकाल वेगळे लागतील ही भीती महत्त्वाची नाही. आरोपीची अडचण होईल का, हे बघायचं. म्हणून अर्जात "माझ्यावर केस आहे" एवढंच लिहून भागत नाही. आरोपपत्राची प्रत जोडा, दाव्यातले कुठले मुद्दे आणि आरोपपत्रातले कुठले आरोप एकच आहेत ते समोरासमोर मांडा, आणि कुठल्या प्रश्नानं अडचण होणार ते सांगा.

माझं मत विचाराल तर अख्खा दावा थांबवा म्हणून मागू नये. फौजदारी खटला किती वर्षं चालेल याचा नेम नाही, आणि जागेवर स्टे असताना प्रतिवादी "थांबा" म्हणतो तेव्हा न्यायाधीशांना त्यात वेळकाढूपणा दिसतो. मागायचं ते थोडकं: वादीचे साक्षीदार होऊ द्या, सरकारी साक्षीदार होऊ द्या, फक्त या प्रतिवादीची उलटतपासणी फौजदारीत महत्त्वाचे साक्षीदार होईपर्यंत मागे ठेवा. हे मिळायची शक्यता जास्त.

कुठं पांघरूण पुरत नाही

तुमचं "होय" फौजदारीत जाणार नाही, पण याच दाव्यात ते पूर्णपणे वापरलं जाईल. सेल डीड त्यावरून रद्द होऊ शकते. इतर पुरावाही तुमच्याविरुद्ध मोकळाच: वहिनीची साक्ष, मृत्यूचा दाखला, फोनची नोंद. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली रघुवीर शरण खटल्यात हेच सांगितलं, की साक्षीदाराच्या उत्तराला संरक्षण असलं तरी दुसरा पुरेसा पुरावा असेल तर त्याला आरोपी म्हणून बोलावता येतं.

दंडाचं नीट समजून घ्या. उत्तरामुळे दंड किंवा जप्ती ओढवेल, याही कारणानं उत्तर नाकारता येत नाही, आणि परंतुकाचं संरक्षण मात्र अटक, खटला आणि फौजदारी कामापुरतंच आहे. आपल्याकडे जागेचे व्यवहार कसे होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. निम्मे चेकनं, उरलेले पिशवीतून. पैसे परत मिळावेत म्हणून दावा लावणाऱ्यानं पिशवीतल्या रकमेबद्दल पिंजऱ्यात सांगितलं, तर आयकराच्या दंडाविरुद्ध हे कलम दाखवता येईलच असं नाही. सरकारी नोकराच्या खातेनिहाय चौकशीचंही तेच. ती फौजदारी कारवाई नव्हे. आणि दावा तुम्हीच लावलेला असेल तर गप्प बसण्याचा प्रश्नच येत नाही. वादीनं आपलं म्हणणं शाबीत करायचं असतं, आणि ते तोंड उघडल्याशिवाय होत नाही.

नवरा-बायकोच्या दाव्यांत पूर्वी व्यभिचाराचा प्रश्न आला की हेच कलम निघायचं. २०१८ मध्ये जोसेफ शाइन निकालानं तो गुन्हाच उरला नाही, त्यामुळे तिथं आता अडकण्याची हरकत चालत नाही. उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या लग्नाचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे, कारण पहिलं लग्न चालू असताना दुसरं करणं गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ८२. तिथं वरच्या चार ओळी जशाच्या तशा वापरा.

साक्ष झाल्यावर

त्याच आठवड्यात साक्षीच्या सर्टिफाइड कॉपीला अर्ज करा. रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीचीही घ्या, हुकूम कधीकधी तिथं जास्त स्पष्ट असतो. दोन्ही फौजदारी वकिलाकडे द्या. फौजदारी कोर्टात सरकारी पक्ष दिवाणी साक्षीची नक्कल पुढे करील, तेव्हा तिच्यावर पुरावा म्हणून एक्झिबिटचा नंबर पडण्याआधी हरकत घ्यायची आहे. हरकत अख्ख्या साक्षीला घेऊ नका. ज्या प्रश्नाला हुकूम आहे तो प्रश्न, तो हुकूम आणि ते उत्तर, पान आणि ओळ दाखवून.